आधी पाडस

हाताला दूध लागलं, तेव्हा कासियानला कळलं.

तोवर सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. गोळी खांद्यामागे, जिथे बसायला हवी तिथेच बसली होती. हरणाच्या मादीनं दोन उड्या घेतल्या आणि निजायला टेकावी तशी ती वाळल्या गवतात टेकली. कासियाननं जवळ जाऊन टोपी काढली, फरच्या झाडाची एक डहाळी मोडून तिच्या ओठांत शेवटचा घास दिला, दुसरी आपल्या टोपीत खोवली. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. मग सुरी काढून तो गुडघ्यांवर बसला, तिच्या मागच्या पायांमधली दाट हिवाळी लव डाव्या हातानं बाजूला सारली, आणि तळहात ओला झाला. कोमट, चिकट ओल. त्यानं हात नाकाशी नेला.

कास भरलेली होती.

अर्ध्या तासापूर्वी खडकाआड पालथं पडून, दुर्बिणीतून बघत त्यानं स्वतःला सांगितलं होतं : भाकड आहे. एकटीच मादी, लांबट मान, बसकी पाठ. म्हातारी आणि भाकड म्हणजे शिकाऱ्याची पहिली निवड. हिवाळ्यात ती चारा खाणार, कळपाला काही देणार नाही, आणि फेब्रुवारीच्या बर्फात कुठेतरी पाय मोडून पडणार. तिला आत्ताच उचलावं. सगळं खरं होतं, फक्त कास दिसली नव्हती. नाही दिसली, म्हणून त्यानं ती नाही असं धरलं होतं.

वरच्या कड्याखाली आल्डरच्या झुडपांचा काळसर पट्टा होता. तिकडून एक आवाज आला. नाकातून काढलेला, बारीक, काहीतरी विचारल्यासारखा. थोड्या वेळानं पुन्हा.

कासियाननं तिकडे पाहिलं. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्या डोळ्यांचं असं झालं होतं, की ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. कडेचं सगळं जागच्या जागी असायचं, डोंगर, आभाळ, झाडांचे शेंडे. मधोमध मात्र ओल्या बोटानं चित्र पुसावं तसा धुरकट डाग. खालच्या शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, याला चष्मा नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. कासियाननं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मार्चमध्ये निवृत्ती होती. एकच हिवाळा काढायचा होता. नजर जरा वर धरली की नेम अजून धरता येत होता. पारखता येत नव्हतं, एवढंच.

एवढंच! पारखणं हेच तर त्याचं काम होतं. बंदूक काय, कुणालाही उडवता येते.

तो या दरीत शिकारी म्हणून आला तेव्हा गावावरच्या उतारावर गुडघ्याच्या वर फरचं एक रोपटं नव्हतं. हरणं इतकी झाली होती की कोवळा शेंडा दिसला की खुडला. वरची म्हातारी झाडं एकेक करून पडत होती, खालून नवं काही येत नव्हतं, आणि ज्या हिवाळ्यात डोंगराचा बर्फ सुटून खाली आला त्या हिवाळ्यात तो, अडवायला झाडं नसल्यानं, थेट चर्चच्या दारापर्यंत आला. तेव्हापासून दरवर्षी ठरतं : इतके नर, इतक्या माद्या, इतकी पाडसं. जंगलाला पेलतील तेवढी राहायची, बाकीची काढायची. पण कोणती काढायची हे कागदावर नसतं. ते शिकाऱ्याच्या डोळ्यांत असतं. दुबळं आधी, देखणं राहू द्यायचं. भाकड आधी, लेकुरवाळी राहू द्यायची. आणि सगळ्यांच्या वरचा नियम, जो पहिल्या दिवशी शिकवतात : आधी पाडस, मग आई.

उन्हाळ्यात डोंगर बघायला येणारे पाहुणे हे ऐकून घास खाली ठेवतात. एका बाईनं तर त्याला तोंडावर कसाई म्हटलं होतं. पाडसाविना आई जगते, दुःख करते आणि जगते. आईविना पाडसाला मात्र कळप जवळ घेत नाही. चाऱ्याच्या गव्हाणीशी ते सगळ्यांच्या मागे उभं राहतं. कुणीही येतं, ढुशी मारतं. जानेवारीत ते सापडतं तेव्हा कातड्याखाली फासळ्या मोजता येतात. पहिल्याच वर्षी असं एक त्यानं उचलून आणलं होतं. वाळल्या गवताच्या पेंढीएवढं वजन होतं त्याचं. दुसऱ्या कुणाची तरी चूक होती ती. तेव्हा तो मनात म्हणाला होता, कसला हा शिकारी!

झुडपातून पुन्हा हाक आली.

तो दिवसभर खडकाआड बसून राहिला. पाडूस आईपाशी परत येतं, येतंच. आलंही असेल. धुकं वर चढत होतं, उतारावर शंभर दगड होते आणि प्रत्येक दगड त्याला पाडूस वाटत होता. दोनदा त्यानं बंदूक खांद्याला लावली. दोन्ही वेळा जे हललं ते त्याच्या डोळ्यातच हललं. उजेड उतरू लागला तेव्हा त्यानं टोपीतली डहाळी काढून खिशात घातली आणि मादीला दोरानं बांधून खाली ओढत नेलं. बराच वेळ मागून हाक येत होती. मग ओढ्याच्या आवाजात ती बुडाली.

*

"मिळाली का?" त्याच्या बायकोनं, झीटानं चुलीपाशीच उभ्या उभ्या विचारलं.

"मिळाली. म्हातारी होती."

"भाकड?"

"हूं."

तिनं जवाच्या सुपाचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं पावाकडे हात नेला तो पावाच्या चार बोटं अलीकडे टेकला, मग सरकत सरकत पावावर गेला. झीटानं ते पाहिलं. ती गेले कित्येक दिवस पाहत होती. दाराच्या आतलं लाकडी स्टूल तिनं कधीच भिंतीशी सरकवून ठेवलं होतं, आणि का सरकवलंस असं त्यानं विचारलं नव्हतं, म्हणून तर तिला खात्री पटली होती.

"सदरा काढ, धुवायला टाकते."

त्यानं काढून दिला. तिनं तो घमेल्यात टाकायला उचलला आणि डाव्या बाहीशी तिचा हात थांबला. झीटा वरच्या कुरणावर वाढलेली. सहा वर्षांची होती तेव्हापासून गाई पिळत आली होती. तिनं बाही नाकाशी नेली.

"कासियान."

"काय?"

"भाकडीच्या कासेतून दूध कधीपासून यायला लागलं रे?"

तो चमचा वाडग्यात फिरवत राहिला.

"मी तुझ्याशी बोलतेय."

"ऐकतोय."

"मग?"

"मग काय! झुडपात होतं. दिसलं नाही."

"पाडूस दिसलं नाही, की कास दिसली नाही?"

त्याला राग आला. राग यायला हवा होता म्हणून आला. "चाळीस वर्षं मी काय डोंगरात शेण गोळा करत होतो? धुकं होतं, झीटा! धुकं सगळ्यांनाच होतं!"

"बरं," ती म्हणाली. "धुकं होतं." तिनं सदरा घमेल्यात बुडवला. पाण्यावर हलका पांढुरका तवंग आला नि गेला. "आपल्या घरातही आहे बाबा ते धुकं. परवा तू मिठाच्या बरणीत साखर शोधत होतास."

थोड्या वेळानं, पाठ वळवूनच, तिनं विचारलं, "कुठे आहे ते?"

"कड्याखाली. आल्डरमध्ये."

"हाक मारतंय?"

ती सदरा चोळत राहिली, डाग गेला तरी चोळत राहिली. तरुणपणी वरच्या कुरणावर गाईंना बोलवायला ती एक गाणं म्हणायची, ये गं चांदे, ये गं ढवळे, सांज उतरली डोंगराआड, असं काहीतरी, आणि गाई कुठून कुठून घंटा वाजवत यायच्या. त्या आवाजावरच तर कासियान तिच्याशी लग्नाला तयार झाला होता. आज ती काही म्हणाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी तो एकटाच वर गेला. तिसऱ्या दिवशीही. पाडूस तिथेच होतं. ज्या जागी आई पडली होती तिथलं गवत त्यानं तुडवून खळं केलं होतं. कासियाननं हातांनी चाचपलं, खुरांचे ठसे त्याच्या तळव्याएवढेसुद्धा नव्हते. हाक मात्र आता घोगरी झाली होती, लहान मुलाचं रडून रडून होतं तसं. तो बसला, बंदूक मांडीवर घेऊन. आवाज उजवीकडून यायचा, तो वळायचा, आणि वळला की जिथे पाडूस असायला हवं तिथे डाग असायचा.

आवाजावर गोळी झाडणारा शिकारी नव्हे. लागली आणि मेलं नाही, तर? त्या विचारानं त्यानं बंदुकीतली गोळी काढून ठेवली.

आदल्या वर्षी म्हातारा कुत्रा मेला. शेवटच्या एका वर्षासाठी नवा कशाला आणावा म्हणून त्यानं आणला नव्हता. कुत्रा असता तर त्या दिवशी झुडपाकडे कान टवकारले असते. असं एकेक करून डोळे, कान, नाक सगळंच कमी झालं होतं, आणि आपण अजून तेच आहोत असं तो धरून चालला होता.

खाली उतरताना आभाळाला बर्फाचा वास होता. दोन दिवस, फार तर तीन. मग ते पाडूस पोटापर्यंत बर्फात उभं राहणार होतं.

घराच्या फाट्यावर तो थांबला. डावीकडे घर, उजवीकडे रोमानाची लाकडी खोली. रोमाना चौतीस वर्षांची, शिकाऱ्याच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकानं उतरलेली. दोन वर्षांपूर्वी ती शेजारच्या दरीतून इथे आली, मार्चपासून हे जंगल तिच्याकडे जाणार होतं. तिला पहिल्या दिवशी कासियाननंच शिकवलं होतं : मादी एकटी दिसली तर चर्चमधली एक अख्खी जपमाळ ओढेपर्यंत थांब. पन्नास नाही, सगळे एकोणसाठ मणी. पाडूस असेल तर तेवढ्यात बाहेर येतं. परवा त्यानं स्वतः वीस मणीही ओढले नव्हते. जितकं जास्त बघावं तितकं कमी दिसत होतं, म्हणून घाई केली होती.

तो उजवीकडे वळला.

रोमाना दारात बसून बुटांना चरबी चोळत होती. डोंगरात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, तीही करायची.

"ये ये! आज माझ्याकडे वाट चुकलास? झीटानं हाकललं की काय?"

"अजून नाही. हाकलेल."

"बस. शिळ्या पावाचे उंडे उरलेत सकाळचे, तळून देते. स्टुलावर बस, त्याच्या शेजारी नको."

तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रोमाना, परवाची मादी भाकड नव्हती."

तिचा हात बुटावर थांबला.

"पाडूस वर आहे. तीन दिवस झाले. मला ते सापडत नाहीये."

"बोलवायला लागेल," ती लगेच म्हणाली, जणू कुणाचीही अशी चूक रोज होते. "आईच्या आवाजात बोलवलं तर येईल. तू माझ्यापेक्षा चांगला आहेस त्यात, पण मी पण जमवीन. मी हाक देते, तू मार."

"नाही. हाक मी देतो."

"अरे, पण बंदूक तुझी..."

"मला दिसत नाही, रोमाना."

हे वाक्य त्यानं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आपलाच आवाज त्याला परका वाटला. ओसरीवरच्या लाकडांच्या थप्पीवर एक चिमणी येऊन बसली होती. ती त्याला कडेनं स्वच्छ दिसली.

"कधीपासून?" रोमानानं विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

तिनं बूट खाली ठेवला. "वाटलंच होतं मला. गेल्या महिन्यात पाणवठ्यापाशी तू एका खडकाला चीजवाला समजून 'काय लांबर्ट, आज इकडे कुठे?' म्हणालास."

"लांबर्ट काही बोलला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एरवी त्याचं तोंड बंद नसतं."

दोघंही हसले. मग ती उठली, आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या खांद्याला बंदूक होती.

"चल. उजेड आहे अजून दोन तास. उंडे आल्यावर खाऊ."

"रोमाना, मला बोलायचंय ते..."

"चालता चालता बोल."



*

ते खडकाआड बसले. वारा वरून खाली, तोंडावर येत होता, चांगला होता. रोमानानं बंदूक दगडावर टेकवली आणि त्याच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

कासियाननं दोन्ही हातांची ओंजळ तोंडापुढे धरली.

काहींकडे लाकडाची शिटी असते. त्याला कधी लागली नव्हती. चाळीस उन्हाळे त्यानं माद्यांना आपल्या पाडसांना बोलवताना ऐकलं होतं, सकाळच्या दंवात, उंच गवतात, लपवून ठेवलेलं पाडूस दूध प्यायला उठवताना. तो आवाज त्याच्या छातीत कुठेतरी राहायला आला होता. आत्तापर्यंत त्यानं तो फक्त मोजणीसाठी वापरला होता. हाक द्यायची, पाडसं मान वर करायची, मोजायची आणि सोडून द्यायची.

त्यानं हाक दिली. खोल, नाकातली, मायेची.

उतार गप्प झाला.

मग झुडपातून उत्तर आलं. घोगरं नव्हतं ते आता. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या आवाजात प्रश्न नव्हता.

"आलं," रोमाना श्वासात बोलली. "कडेला आलंय. थांबलंय. झाडाआड आहे." आणि क्षणभरानं, "अजून एकदा."

ती एक हाक त्याच्याच्यानं निघेना. ओंजळ तोंडाशी होती, श्वास आत भरला होता. त्याला बाहीचा वास आला, धुतलेल्या सदऱ्याचा, साबणाचा. झीटानं किती चोळला होता! आता गप्प बसलं तर पाडूस परत फिरणार होतं, आपल्या झुडपात, आपल्या खळ्यात, आणि वाट बघत राहणार होतं. बर्फ येईपर्यंत, बर्फ आल्यावरही.

त्यानं डोळे मिटले आणि बोलावलं.

गोठलेल्या शेवाळावर खूर वाजले. पळत येत होतं ते. कुठेही न थांबता, दगडांवरून उड्या घेत, थेट त्याच्याकडे. कासियानला पावलं मोजता आली. चार, पाच, सहा. मग ती थांबली, इतक्या जवळ की त्याला श्वास ऐकू आला.

गोळीचा आवाज कड्यावर जाऊन परत आला. त्यानंतर काहीच आलं नाही.

"जागच्या जागी," रोमाना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा राहायचा प्रयत्न करत होता. "त्याला काही कळलं नाही, कासियान. मान वर करून बघत होतं."

"कुणाकडे?"

"तुझ्याकडे."

तो जवळ गेला. पायांनी वाट काढत, मग गुडघ्यांवर. हातानं चेहरा शोधला, ओलं नाक, पापण्यांचे लांब केस. फरची डहाळी रोमानानं आणून त्याच्या हातात दिली. त्यानं ती मोडली. अर्धी पाडसाच्या ओठांत ठेवली; ओठ लहान होते, डहाळी मोठी झाली, मग तिचाच एक शेंडा खुडून पुन्हा ठेवला. उरलेली अर्धी टोपीवर ठेवून त्यानं रोमानापुढे धरली, नेम धरणाऱ्याला देतात तशी.

"नको," ती म्हणाली. "ही नको."

"घे. चूक माझी होती, नेम तुझा. नेम चांगला होता."

तिनं घेतली. टोपीत खोवताना तिनं दुसरीकडे तोंड केलं. कासियानला ते कडेनं दिसलं, म्हणून तो पाडसाकडे बघत राहिला, जिथे त्याला काही दिसत नव्हतं.

परतताना पाडूस त्यानं खांद्यावर घेतलं. ते पेंढीएवढं नव्हतं. अजून आईच्या दुधाचं वजन होतं त्याच्यात.

घरी आल्यावर त्यानं बंदूक कपाटात ठेवली आणि किल्ली झीटाच्या समोर, पावाच्या ताटलीशेजारी ठेवली. तिनं ती उचलून एप्रनच्या खिशात टाकली.

"आता सांग," ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाला."

*

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी गावच्या खानावळीच्या दालनात दरवर्षीप्रमाणे वर्षाची शिकार मांडली होती. भिंतींवर नरांची शिंगं, प्रत्येकाखाली जबडा, कारण वय दातांवरून कळतं. ज्याची निवड बरोबर त्याच्या शिंगांवर हिरवा ठिपका, ज्यानं तरणा, देखणा नर चुकून पाडला त्याच्यावर लाल. लाल ठिपक्याखाली वर्षभर चेष्टा. बिअरचे ग्लास घेऊन माणसं त्याच भिंतींशी गर्दी करून उभी होती. माद्या नि पाडसांचे जबडे कोपऱ्यातल्या टेबलावर होते. तिथे कुणी येत नाही.

पंच लांबर्ट, चीज बनवणारा, गावातला सगळ्यात जाडा माणूस, ठिपक्यांचे कागद हातात घेऊन फिरत होता. कासियाननं त्याला टेबलापाशी गाठलं. झीटा त्याच्या कोपराशी होती.

"एक लाल दे."

"कशाला?" लांबर्ट हसला. "मागल्या जन्मातलं काही आठवलं का?"

कासियाननं टेबलावर एका दोरीत बांधलेले दोन जबडे ठेवले. एक मोठा, एक लहान. रोमानानं उकळून, घासून, पांढरेशुभ्र करून दिले होते.

लांबर्टनं पाहिलं. त्याचं हसू आपोआप उतरलं. "कासियान, हे बघ. माद्यांना ठिपके नसतात. आजवर कधी नव्हते. राहू दे. इथे कोण बघतंय?"

"मी."

आणि मग, आपण काय बोललो हे लक्षात येऊन, कासियानच आधी हसला. लांबर्टला हसावं की नाही कळेना. झीटानं मात्र हसून नवऱ्याच्या दंडावर चापट मारली आणि लांबर्टच्या हातातून एक लाल ठिपका सोलून कासियानच्या बोटाच्या टोकावर ठेवला.

त्यानं टेबलावर हात फिरवला. दोरी लागली. दोरीवरून मोठा जबडा लागला. दात घासून गुळगुळीत झालेले, काही ठिकाणी हाडाला टेकलेले. चौदा हिवाळे, कदाचित पंधरा. म्हातारी होती. तेवढं त्यानं बरोबर ओळखलं होतं.

"थोडं डावीकडे," झीटा हळूच म्हणाली. "हां. तिथं."

त्यानं ठिपका दाबून बसवला. मागे दालनात कुणीतरी अकॉर्डियन लावत होतं, चाचपत, एकेक सूर. माणसं सरकून जागा करत होती. लांबर्ट अजून तिथेच उभा होता, ग्लास छातीशी धरून, आणि पहिल्यांदाच काही बोलत नव्हता.

कासियाननं बोट उचललं नाही. ते तसंच दोरीवरून पुढे सरकत लहान जबड्यावर गेलं आणि तिथल्या दातांवरून एकेक करून फिरलं, जपमाळ ओढावी तसं, सावकाश, एकही न गाळता. तीनच होते मोजायला. दुधाचे दात. टोकं अजून घासली नव्हती.